वाळूजच्या कुंपणापाशी

शहागंजच्या घड्याळापाशी रिक्षा सोडा. साल १९८५, जानेवारीचा तिसरा आठवडा. संक्रांत नुकतीच होऊन गेली आहे. शहराचं नाव अजून औरंगाबाद आहे. तुमच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेले अडीच हजार रुपये आहेत, निम्मे स्वतःचे आणि निम्मे मेहुण्याकडून उसने. दर दहा पावलांना हात आपोआप खिशावर जातो.

बजाजच्या चेतक स्कूटरचा नंबर तुम्ही लग्न ठरलं तेव्हा लावला होता. आता मुलगी पहिलीत जाते आणि पावती कपाटात तशीच आहे. ऑन, म्हणजे किमतीच्या वरचे पैसे, द्यायची तयारी असेल तर स्कूटर आजही मिळते, पण ऑनचे पैसे असते तर तुम्ही या गल्लीत कशाला आला असता? रोज सकाळी चिकलठाण्याच्या कारखान्यातली पाळी गाठायची असते. सायकलनं जाऊन जाऊन तुमचे गुडघे बोलायला लागलेत.

गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंना फळीची दुकानं, ऑइलनं काळी पडलेली माती, आणि आतून कुठूनतरी लेथचा एकसुरी आवाज. चहाच्या टपरीवर अझरुद्दीनची चर्चा रंगली आहे. हैदराबादच्या पोरानं पंधरवड्यापूर्वी कलकत्त्यात पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं, त्याचं कौतुक इथं घरच्या मुलासारखं चाललंय.

भिंतीला टेकून गाड्या उभ्या आहेत. राजदूत आहे, ‘बॉबी’ सिनेमानंतर पोरांनी डोक्यावर घेतली तसली छोटी गाडीही आहे. म्हैसूरची येझदी आहे, तिची किक मारायची दांडी आडवी केली की तीच गिअरची दांडी होते. मद्रासची बुलेट आहे, पण तिचा भाव विचारायचीही सोय नाही. आणि सगळ्यांच्या मागे, गोणपाट पांघरून, तुमची गाडी: बीएसए एम-२०. इंग्लंडात बर्मिंगहॅमला बनलेली, ४९६ सीसी, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी लाखाच्या वर काढल्या त्यांतली एक.

ती इथं कशी आली हे तिच्याच अंगावर लिहिलेलं आहे. टाकीच्या कडेला रंगाचा टवका उडालाय, तिथं वाकून पाहा. वर काळा, त्याखाली मरून, त्याखाली पुन्हा काळा, आणि अगदी तळाला लष्करी खाकी. युद्ध संपलं, लष्करानं गाड्या डिस्पोजलला काढल्या, कुणीतरी लिलावात घेतली. तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं आणि सरकारी कारभार उर्दूत चालायचा. नंतर आयातीचं दार लागलं. १९५३ साली सरकारनं ठरवलं की इथं सुटे भाग बनवायची तयारी नसेल त्या कंपनीनं गाड्या नुसत्या जोडून विकू नयेत. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनं वर्षभरातच कुलूप लावलं. परकीय चलन मोजूनमापून खर्च व्हायचं, मोटारसायकलीसाठी ते कुठून येणार? त्यामुळे दार लागण्याआधी जे आत आलं, तेवढंच आपलं. त्याला म्हातारं व्हायची मुभाच नव्हती. याच घडीला तिकडे हवानात कुणी माणूस तीस वर्षांची ब्यूक अशीच हातानं घडवलेल्या भागांवर चालवत असेल.

मेकॅनिक उस्ताद लुंगीला हात पुसत येतात. त्यांनी तुमच्यासाठी मध्यस्थी केली आहे. गाडीचे मालक गुरुजी बाजूच्या बाकावर बसलेत. निवृत्त शिक्षक, पांढरं धोतर, वर कोट. या गाडीवर त्यांनी फुलंब्रीकडच्या शाळा केल्या. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

“इंजन नंबर देखो पैले,” उस्ताद म्हणतात. “बाकी सब बादमें.”

ते रॉकेलची चिंधी क्रँककेसवर फिरवतात, मग खडू घासतात. खडूची पूड खोबणीत बसते आणि काळ्या धातूवर पांढरी अक्षरं उमटतात: डब्ल्यू एम २०, आणि पुढे आकडे. डब्ल्यू म्हणजे लढाईच्या काळातली. आता आरसी बुकाशी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहा. घाई करू नका, या गल्लीत लोकांचे पैसे इंजिनात कमी आणि कागदात जास्त बुडतात. बुकाच्या पहिल्या पानावर उर्दूतला गोल शिक्का आहे, पुढच्या पानांवर इंग्रजी, शेवटच्यावर मराठी. चाळीस वर्षांत राज्य दोनदा बदललं: आधी हैदराबाद, १९५६ ला मुंबई, १९६० ला महाराष्ट्र. बुक तेच, शिवण तेवढी पुन्हा घातलेली.

आता नट खोलायचे पाने पाहा. तुमच्या कारखान्यातला चौदाचा पाना या नटावर घसरतो. उस्ताद कापडात गुंडाळलेला वेगळा जुडगा उलगडतात, व्हिटवर्थचे पाने. यांच्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. गल्लीत असा पुरा जुडगा फक्त त्यांच्याकडे आहे, आणि हे ते दोनदा सांगतात.

“व्हॉल्व्ह कुठला बसवलाय?” तुम्ही विचारता.

“ट्रकका. लेथपे उतारके.” पुढच्या फोर्कच्या बुशी? गनमेटलच्या, समोरच्याच लेथवर कातलेल्या. मूळचा अमाल कार्ब्युरेटर झिजून गेला, त्या जागी बुलेटचा मिकार्ब. गॅस्केट पत्र्यावर ठेवून हातोडीनं ठोकून कापलेलं. बर्मिंगहॅमचं आता तिच्यात नेमकं किती उरलंय, हे उस्तादांनाही सांगता येणार नाही. मला विचाराल तर तुम्ही इथं गाडी विकत घेत नाही, या माणसाचे हात घेताय. हे हात चार किलोमीटरांच्या आत आहेत तोवर गाडी आहे. म्हणून येझदी घ्या असं शहाणा माणूस सांगेल, आणि त्याचं बरोबरही असेल. येझदीचे भाग दुकानात मिळतात. पण अडीच हजारांत येझदी येत नाही.

गुरुजी दोन हजार चारशे म्हणतात. तुम्ही एकोणीसशे. उस्ताद आभाळाकडे बघतात. चहा येतो. गुरुजी कोटाच्या खिशातून तिळगुळाची पुडी काढून तुमच्या हातावर ठेवतात.

“दोन हजार शंभर दे, बाबा. तोंड गोड कर आणि घेऊन जा. पण रात्री पावसात बाहेर नको ठेवूस, मॅग्नेटोत ओल धरते.”

गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर दोन सह्या. गुरुजींची सही थरथरते, त्यांना ती तशी आवडत नाही, म्हणून ते खाली पुन्हा सावकाश नाव लिहितात.

किक मारायला शिकून घ्या, नाहीतर पायाची नडगी जाईल. पेट्रोलचा नळ उघडा. कार्ब्युरेटरचा चोक लावा. डावीकडची छोटी दांडी फिरवून ठिणगी थोडी मागे घ्या. डाव्या हाताचा व्हॉल्व्ह लिफ्टर ओढून किक हळूच खाली दाबा, पिस्टन वरच्या टोकावरून किंचित खाली आला की सोडा. आता मारा. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक खोकला. तिसऱ्यांदा ती लागते, आणि मोटेवर बैल चालावेत तसा संथ, भरदार ठोका गल्लीत सुरू होतो. लेथवाला मान वर करून बघतो.

गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, हे सिटी चौकात दोनदा विसराल. भडकल गेट, मिल कॉर्नर, मग बारापुल्ल्याच्या कमानीखालून ठोका घुमतो आणि तुम्ही विनाकारण हसता. छावणी मागे टाकली की नगर नाका. उस्तादांनी बजावलंय, इंजिन गरम होऊ द्या, लांब घेऊन जा. म्हणून गोलवाडीवरून, छोट्या पंढरपूरच्या विठोबाला चालत्या गाडीवरून हात जोडून, वाळूजपर्यंत.

इथं गाडी बंद पडते.

उजवीकडे तारेचं कुंपण आहे. पलीकडे ज्वारीच्या शिवारात मुरूम पसरलाय, लोखंडी खांब उभे राहतायत, मिक्सर फिरतोय. बजाज ऑटोचा कारखाना. पुढचं तुम्हाला माहीत आहे, इथं कुणालाच नाही: येत्या नोव्हेंबरात राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग येऊन याचं उद्घाटन करतील. जपान्यांशी करार करून बनवलेल्या शंभर सीसीच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागतील. चेतकची ती पावती एक दिवस निव्वळ कागद होईल, गाडी शोरूममध्ये रोख मिळेल. बरंच होईल. मुलगी पहिलीत जाईपर्यंत माणसाला स्कूटरसाठी ताटकळत ठेवणं हा अन्यायच होता, त्याला सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. आणि शहागंजच्या गल्लीतला तो लेथ हळूहळू गप्प होईल, हेही तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही घामेघूम होऊन किका मारताय. कुंपणापाशी उभा असलेला एक पोरगा येतो. वाळूजचाच, अठरा-एकोणीसचा, अंगात आयटीआयचा गणवेश नाही, साधा सदरा.

“काका, जरा थांबा.”

तो मॅग्नेटोचं झाकण काढतो. पॉइंट काळे पडलेत. खिशातून काडीपेटी काढून तिची काडी घासायची बाजू फाडतो, दुमडतो आणि पॉइंटच्या फटीत घालून दोनदा सावकाश ओढतो. मग पोस्टकार्डाचा कोपरा आत सरकवून फट बघतो. हात एकदाही घाई करत नाही.

“कुठं शिकलास?”

“आयटीआय. फिटर. इथं अर्ज टाकलाय.” तो हनुवटीनं कुंपणाकडे खूण करतो. “घेतील का, काका?”

तुमच्या तोंडाशी उत्तर येतं आणि तुम्ही तिळगुळाची उरलेली पुडी त्याच्या हातावर ठेवता. तो ती तशीच खिशात टाकतो, कारण हाताला ऑइल आहे. झाकण लावतो, गुडघ्यावर बसूनच कान इंजिनाजवळ आणतो.

“मारा किक.”