अंगणातील मांडव : करवीरच्या विवाहसोहळ्याचा थोडा इतिहास



आपल्या वार्षिक स्मरणिकेत दरसाल संस्थेचा अहवाल, देणगीदारांची नावे, विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि उपवर वधूवरांची माहिती प्रसिद्ध होते. यांपैकी शेवटच्या पानांकडे वाचकांचे लक्ष सर्वांत आधी जाते, हे आम्ही जाणतो. विवाह जुळविण्याच्या कामी संस्थेचा उपयोग होतो, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि जुळलेला विवाह कोठे, किती माणसांत आणि किती खर्चात करावा, याविषयी आपण मोकळेपणाने बोलत नाही. म्हणून यंदा त्या विषयाचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्याला जोडून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगू, आणि त्यांत घरापुढच्या हिरवळीची निगा कशी राखावी हेही येईल. विवाहाचा आणि हिरवळीचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, करवीर नगरीतील विवाह पिढ्यान् पिढ्या घरच्या अंगणात होत आला, आणि आजच्या हिरवळीच्या जागी काल अंगणच होते.

अंगण हीच मर्यादा

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ अशा आपल्या जुन्या वस्त्यांतील वडीलधाऱ्यांना विचारावे. घरात लग्न निघाले म्हणजे पहिले काम अंगणाचे असे. खाचखळगे बुजवून, माती चोपून, शेणाने सारवून अंगण गुळगुळीत केले जाई. मग मुहूर्तमेढ रोवली जाई. मांडवावर आंब्याचे व जांभळीचे टहाळे पडत. जाजमे, हंडे, परात्या शेजारच्या घरांतून येत. त्यांच्या तळाशी कोरलेली नावे पाहून ती कार्यानंतर परत केली जात. हळद दळावयास गल्लीतील सवाष्णी जमत. पंगतीत वाढावयास तालमीतील तरुण पोरे कंबर कसून उभी राहत. जेवणास गव्हाची खीर किंवा लापशी, भात, आमटी आणि एखादी भाजी असे. पत्रावळी पळसाच्या पानांच्या असत.

या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप साधे. अंगणात जेवढी पंगत बसेल तेवढीच माणसे एका वेळी जेवत, आणि जेवढी भांडी गल्लीतून मिळत तेवढाच स्वयंपाक होई. यजमानाची हौस कितीही मोठी असली तरी अंगणाच्या भिंती काही मागे सरत नसत.

परंतु जुने ते सारे सोने होते, असे आम्हास म्हणावयाचे नाही. त्याच अंगणात आठ-दहा वर्षांच्या मुली बोहल्यावर उभ्या केल्या गेल्या. हुंडा आणि मानपान तेथेही होतेच. पंक्तिभेद तर उघड होता. बायकांच्या वाट्यास चार-चार दिवसांची चूल येई. म्हणून अंगणाची आठवण काढताना त्यातील घ्यावयाचे कोणते व टाकावयाचे कोणते, याचा विवेक केला पाहिजे. तो विवेक करावयास आपल्या पूर्वसूरींनीच शिकविले आहे.

सुधारकांनी काय सांगितले

१८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे कर्जात बुडतो, असे त्या वेळी सर्रास म्हटले जाई. आयोगाने मात्र या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा अभिप्राय दिला. जोतीराव फुले यांनीही 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या आरोपाचा समाचार घेतला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कारण गरिबाच्या चार पंगतींना उधळपट्टी म्हणणे हा अन्याय आहे. पण ज्याच्यापाशी पुंजी नाही त्याने लग्नासाठी काढलेले थोडे ऋणही फेडता फेडता मोठे होते, हे तितकेच खरे.

त्याच फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह लावला गेला. थोडक्या खर्चात, वधूवरांनी स्वतः समजून उमजून केलेली प्रतिज्ञा हे त्या पद्धतीचे सार होते. कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा १९११ साली निघाली. भास्करराव जाधव तिचे अध्यक्ष होते. घरच्या माणसांनाच धार्मिक विधी करता यावेत म्हणून त्यांनी 'घरचा पुरोहित' हे पुस्तक लिहिले. विधी कोणत्या पद्धतीने करावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. आम्ही त्यात शिरत नाही. मात्र विवाहाचे सार प्रतिज्ञेत आहे, थाटात नाही, हा धडा सर्व पंथांस सारखाच लागू पडतो.

राजर्षी शाहू महाराजांनी या कामी कायद्याचे बळ दिले. १९१७ साली त्यांनी विधवांच्या पुनर्विवाहास संस्थानात कायद्याची मान्यता दिली आणि १९१९ साली आंतरजातीय विवाहांसाठी कायदा केला. १९१७ सालीच सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचाही कायदा झाला. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड त्यात होता. याच वर्षी महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी यांचा विवाह इंदुमतीदेवी यांच्याशी झाला. दुर्दैवाने १२ जून १९१८ रोजी शिकारीच्या वेळी अपघात होऊन प्रिन्स शिवाजी निवर्तले. कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या या सुनेस महाराजांनी कोनाड्यात बसविले नाही. लोकापवादाची तमा न बाळगता त्यांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. मुलीच्या आयुष्याला अखेरचा आधार कशाचा, हे त्या शोकाकुल पित्याने ओळखले होते. लग्नाचा मांडव चार दिवसांत उतरतो. शिक्षण जन्मभर पुरते.

पुढे १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९६१ चा हुंडाबंदी कायदा आले. हुंडा घेणारा तसाच देणाराही दोषी, असे हा शेवटचा कायदा सांगतो. १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचे विवाहाचे किमान वय १८ व मुलाचे २१ झाले. गावोगाव कीर्तने करणारे गाडगे महाराज कर्ज काढून लग्नकार्ये करू नका, असे जन्मभर सांगत राहिले. कायदे झाले, कीर्तनेही झाली. आचरण मात्र आपल्याकडेच राहिले.

अंगणाचे 'लॉन' झाले

इंग्रजी अमदानीत कोल्हापूरला एक नवी वस्तू दिसू लागली. ती म्हणजे केवळ पाहण्यासाठी राखलेले, कापून सारखे केलेले गवत. मेजर मँट यांच्या आराखड्यावरून टाऊन हॉल व नवा राजवाडा या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्याभोवती बागा झाल्या. पुढे राजारामपुरी, ताराबाई पार्क यांसारख्या वसाहती वाढल्या आणि बंगल्यापुढे थोडी हिरवळ असणे हे सुखवस्तू घराचे लक्षण ठरले. सारवलेले अंगण मागे पडले.

दुसरीकडे शहर दाट झाले, वाडे पडून मजले चढले आणि लग्नाला जागा उरली नाही. मग मंगल कार्यालये आली. त्यांची सोय नाकारण्यात अर्थ नाही. घरच्या बायकांचे कष्ट त्यांनी खरोखर हलके केले. आपल्या निरनिराळ्या ज्ञातींची जी विद्यार्थी वसतिगृहे शाहू महाराजांच्या उत्तेजनाने १९०१ पासून निघाली, त्यांच्यासारख्या संस्थांची आवारेही कार्यास उपयोगी पडू लागली. त्यानंतर शहराबाहेरच्या रस्त्यांना विस्तीर्ण हिरवळीची कार्यालये झाली आणि 'लॉन' हा शब्द आपल्या भाषेत लग्नाच्या जागेचेच नाव होऊन बसला. अंगणाला भिंती होत्या. लॉनला दिसण्याजोगी कडाच नाही. जागा मोठी म्हणून आमंत्रणे अधिक; आमंत्रणे अधिक म्हणून पदार्थ अधिक; आणि शेजाऱ्याने केले म्हणून आपणही. अशा रीतीने एका दिवसापायी बापाची भविष्यनिर्वाह निधीतील पुंजी आणि धाकट्या मुलीच्या शिक्षणाचा पैसा संपून जातो. असे घर आपल्यापैकी प्रत्येकाच्या माहितीत एक तरी असेल.

२०२० साली करोनाच्या साथीत विवाहास ५० माणसांची मर्यादा आली. कित्येक घरांतील लग्ने पुन्हा अंगणात, गच्चीवर, परसात लागली. त्या दिवसांचे दुःख कोणी विसरणार नाही. परंतु ती लग्ने कमी पक्की झाली, असे कोणास म्हणता येईल काय?

चार व्यवहाराच्या गोष्टी

'लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. तीतील दोन्ही कार्ये एकमेकांस साहाय्यक व्हावीत, अशी आमची सूचना आहे.

पहिली गोष्ट खर्चाची. आधी आकडा ठरवावा, मग यादी करावी. सामान्यतः आपण उलट करतो. दोन्ही घरच्यांनी एकत्र बसून आकडा कागदावर लिहावा, आणि त्यात कर्जाचा रुपया असू नये. आहेर-मानपान परस्परांच्या संमतीने बंद करावेत. वरपक्षाने हे आधी बोलावे, म्हणजे वधूपक्षास संकोच पडणार नाही.

दुसरी गोष्ट नोंदणीची. लग्न लागल्यावर त्याची रीतसर नोंद अवश्य करावी. वयाचे व रहिवासाचे दाखले, पत्रिका, छायाचित्रे आणि साक्षीदार यांची तयारी कार्याच्या धामधुमीपूर्वीच करून ठेवावी.

तिसरी गोष्ट जागेची. ज्यांच्या घरापुढे थोडीही मोकळी जमीन आहे त्यांनी ती फरशीने झाकू नये. आपल्या हवेस हरळीइतके उत्तम गवत नाही. उसाच्या फडात शेतकरी जिला शत्रू मानतो आणि गणपतीस जिच्या दूर्वा आपण वाहतो, तीच ही हरळी. उन्हाळ्यात जमीन वीतभर खणून दगड आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचाव्यात. गाठ राहिली की लव्हाळा पुन्हा उगवतो. कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी घराकडे येणार नाही असा किंचित उतार द्यावा. पहिला पाऊस पडून गेला की हरळीच्या मुळ्या चार-सहा बोटांच्या अंतराने लावाव्यात. दाट सावलीत ती धरत नाही, हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात दोन-तीनदा खुरपणी झाली तर कार्तिकात, तुळशीच्या लग्नापर्यंत, अंगण हिरवे होते. वर्षातील पहिला विवाह तुळशीचा. तो याच हिरवळीवर लावावा! पुढे कापणी करताना उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक एका वेळी कापू नये. उन्हाळ्यात रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, सकाळच्या प्रहरी, भरपूर पाणी द्यावे. म्हणजे मुळे खोल जातात.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष कार्याची. मांडव पडण्यापूर्वी चार-पाच दिवस गवत कापावे आणि दोन-तीन दिवस पाणी बंद ठेवावे. म्हणजे चिखल होत नाही. चूल व भांडी घासण्याची जागा गवतापासून दूर असावी, कारण तेल हरळीस सोसत नाही. जाजमे त्याच रात्री उचलावीत. झाकलेले गवत पिवळे पडते. पायांखाली दडपलेल्या जमिनीस टोकदार पहारीने भोके पाडून, चाळलेली माती व खत पसरून पाणी द्यावे. थोड्याच आठवड्यांत अंगण पूर्ववत होते. लग्नाच्या कर्जाचे मात्र तसे नाही. ते वर्षानुवर्षे पिवळेच राहते.

शेवटी एक विनंती

ज्यांना अंगण नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी शेजारी, गल्ली आणि ही संस्था आहे. पूर्वी हंडा आणि परात एकमेकांच्या घरी जात असत, तसे आज ज्याला अंगण आहे त्याने ते ज्ञातिबांधवास एक दिवस द्यावे. संस्थेने भांडी, जाजमे व पाट यांचा संच बाळगून तो नाममात्र मोबदल्यात पुरवावा, अशी सूचना आम्ही वार्षिक सभेपुढे ठेवीत आहोत. आणि खर्चातून जी रक्कम वाचेल तिचा काही अंश प्रत्येक यजमानाने संस्थेच्या मुलींच्या शिष्यवृत्ती निधीस द्यावा. त्याची नोंद पुढील स्मरणिकेत आम्ही आनंदाने करू.

यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांस अंबाबाई व जोतिबा यश देवोत. त्यांनी यादी करावयास बसण्यापूर्वी एकदा दाराबाहेर येऊन आपले अंगण पाहावे, इतकेच आमचे मागणे आहे.