पत्त्यांच्या तीन वह्या

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'माजी विद्यार्थी संघाचा इतिहास' हा विषय दिला आणि सोबत 'फार लांबवू नका' असेही बजावले. संघाचा इतिहास म्हटला की अध्यक्षांची यादी, सचिवांची यादी, बक्षीस समारंभाला आलेले पाहुणे आणि संघाने बांधून दिलेली पाण्याची टाकी एवढे ओघाने येते. ते या अंकात अन्यत्र आहेच. माझ्याकडे गेली काही वर्षे संघाच्या पत्त्यांच्या तीन वह्या आहेत. संघ कशाने टिकला आणि कुठे तुटला हे मला त्या याद्यांपेक्षा या वह्यांत अधिक दिसते. म्हणून मी वह्यांचाच इतिहास लिहितो.

त्याआधी थोडे मागे जाऊ. माजी विद्यार्थ्यांनी एकत्र राहून करायचे तरी काय, असा प्रश्न दर सभेत कुणीतरी विचारतोच. त्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत ठणठणीत उत्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या इतिहासात आहे. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा हे त्याचे मूळ. १८५१ साली तिचे पूना कॉलेज झाले, १८६४ साली डेक्कन कॉलेज हे नाव आले आणि १८६८ साली ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. त्या इमारतीला सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीचा हातभार होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आपल्या जिल्ह्यातल्या टेंभूचे आगरकर, हे तिघेही याच कॉलेजचे विद्यार्थी. टिळक राहत ती खोली तिथे अजून जपलेली आहे. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले ते चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी, आगरकर एम.ए. होऊन लगेच त्यांना मिळाले. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका नामांकित शाळेचा जन्मच मुळी एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी एकमेकांना धरून राहण्यातून झाला.

पण मला सांगायची गोष्ट त्यापुढची आहे. १९३४ साली मुंबई सरकारने हे कॉलेज बंद केले. एवढी परंपरा, एवढी नावे, आणि दाराला कुलूप! त्या वेळी टिळक-आगरकर हयात नव्हते, आणि असते तरी नुसत्या थोर नावांनी कुलूप निघाले नसते. माजी विद्यार्थी सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. काही वर्षे हे प्रकरण चालले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले. या वेळी ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून उघडले. पुरातत्त्वाचे ह. धी. सांकलिया आणि समाजशास्त्राच्या इरावती कर्वे त्याच वर्षी तिथे रुजू झाल्या, आणि पुढे काय झाले ते आपण शाळेच्या पुस्तकांत वाचलेच आहे. पाच वर्षे बंद पडलेली संस्था परत उभी राहिली, कारण तिच्यातून बाहेर पडलेली माणसे एकमेकांना सापडत होती. खटला चालवायला वकील लागतो, पैसा लागतो, हे खरेच. पण सर्वांत आधी कुणाकुणाला कळवायचे त्याची यादी लागते.

आता आपल्या वह्या.

पहिली वही लांबट, कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात खतावणीला वापरतात तशी. तिच्यात पत्ते 'मु. पो., ता., जि.' या क्रमाने आहेत. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्यांचे पत्ते 'द्वारा' अमुक मामा, 'द्वारा' तमुक गाववाले असे, आणि शेवटी 'लालबाग, मुंबई १२'. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. ही योजना डाक खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. मुंबई १२ चे ४०००१२ झाले. आपल्या त्या वेळच्या चिटणिसांनी जुन्या आकड्यांपुढे लाल शाईने नवे आकडे लिहिले आहेत, एकेका पत्त्याला. हे काम कुणी सांगितले म्हणून होत नाही. मला ती लाल शाई दिसली की पाण्याच्या टाकीपेक्षा तिचेच जास्त कौतुक वाटते.

सभेची सूचना पोस्टकार्डाने जायची. १९८०च्या दशकात कार्ड पंधरा पैशांना होते. मजकूर सायक्लोस्टाइलवर, पत्ता हाताने. सूचना सर्वांना गेली याचा पुरावा हवा म्हणून काही कार्डे 'अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग' टाकायची. पोस्टमास्तर यादीवर शिक्का मारून देत. ती सोय आता बंद झाली, पण त्या शिक्क्यांचे कागद दुसऱ्या वहीत टाचणीने लावलेले आहेत. कार्ड परत आले की त्यावर पोस्टमनचा शेरा असे, 'या पत्त्यावर राहत नाही', 'गावी गेले'.

'गावी गेले' हा शेरा १९८२ नंतर फार वाढलेला दिसतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतले बरेच सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीचे. आपल्या शाळेतून मॅट्रिक होऊन किंवा त्याआधीच शाळा सोडून गिरणीत लागलेली मुले त्यांत होती. संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही आणि 'मुंबई १२' चे पत्ते एकामागून एक खोडले गेले. कुणी गावी आले, कुणी डोंबिवलीला, कुणी नालासोपाऱ्याला गेले. ज्यांचा नवा पत्ता कळला त्यांचा लिहिला आहे. बाकीच्यांपुढे नुसती रेघ आहे. ही मुले संघापासून तुटली ती नाराजीने नव्हे. वर्गणी थकली की माणूस सभेला यायला लाजतो, आणि नंतर ती सवय होते. मेळाव्यात मोठ्या हुद्द्यांवरच्या सत्कारमूर्तींची ओळख वाचताना मला नेहमी त्या रेघा आठवतात.

आमच्या १९७५च्या जोड बॅचबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. १०+२+३ च्या नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली आणि जुन्या अकरावी मॅट्रिकचा वर्गही त्याच वर्षी बाहेर पडला. एकाच उन्हाळ्यात शाळेचे दोन वर्ग रिकामे झाले! अकरावीवाले आम्हा दहावीवाल्यांना 'अर्धे मॅट्रिक' म्हणत. वहीत चिटणिसांनी 'जुनी' आणि 'नवी' असे रकाने पाडले, पण निम्म्यांची नोंद चुकीच्या रकान्यात आहे. तो वाद अजून मिटलेला नाही आणि या मेळाव्यातही रंगणार याची मला खात्री आहे.

आता जरा अवघड भाग. पहिल्या दोन वह्यांत मुलींची नावे 'कु.' लावून आहेत. पत्त्याच्या रकान्यात पहिल्या काही वर्षांत वडिलांचा पत्ता. त्यानंतर बहुतेकींपुढे दोनच शब्द: 'लग्न झाले'. बस्स. मुलगा मुंबईला गेला तर 'द्वारा' कुणीतरी सापडत होता. मुलगी शेजारच्या तालुक्यात दिली तरी ती वहीतून गेली. नाव बदलले, आडनाव बदलले, कधी सासरी पहिले नावही बदलले. संघाने त्यांना वगळायचे ठरवले नव्हते, कुणी तसा ठरावही केला नव्हता. वहीला त्या शोधता येत नव्हत्या, आणि कुणी शोधायला निघाले नाही. वर्षानुवर्षे मेळाव्याच्या फोटोत समोरच्या रांगेत बाई आणि मागे सगळे पुरुष, असे का, याचे उत्तर या दोन शब्दांत आहे.

तिसरी वही आमच्याच बॅचच्या, परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या एका मैत्रिणीने सुरू केली. नाव लिहू नको असे तिने बजावले आहे. तिने पहिली वही घेतली, शाळेतल्या जनरल रजिस्टरवरून नावे पडताळली आणि माहेरची घरे गाठली. आई असेल तिथे काम सोपे. भाऊ असेल तिथे, "ताईचा नंबर द्या" म्हटले की निम्मे भाऊ स्वतःचाच नंबर देत, "काही असेल तर मला सांगा." ती तिथेच बसून राहायची, चहा घ्यायची आणि ताईला फोन लावून घेतल्यावरच उठायची. या वहीत प्रत्येकीची दोन नावे आहेत, शाळेतले आणि आताचे, शेजारी शेजारी.

याचा उपयोग काय, तर एक उदाहरण देतो. आमच्या मागच्या एका बॅचमधल्या बाईंचे यजमान गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत त्यांचे नाव एके ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरे, जन्मतारखेचा पुरावा नाही, दाखला कधीचाच हरवलेला. एका कार्यालयातून त्या कित्येक महिने हेलपाटे घालत होत्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांचे मूळ नाव, जन्मतारीख, सगळे जसेच्या तसे होते. प्रतिज्ञापत्र देऊन दाखल्याची दुय्यम प्रत मिळते, एवढेच त्यांना कुणी सांगितले नव्हते. तिसऱ्या वहीमुळे त्यांच्यापर्यंत फोन गेला, तो खरे तर स्नेहमेळाव्याच्या निमंत्रणाचा होता. बोलता बोलता विषय निघाला. दाखला निघाला, कागद पुढे सरकले.

फोनचे युग आले तेव्हा आम्हाला वाटले की आता वह्या गेल्या. तसे झाले नाही. २००२च्या सुमारास सगळ्या लँडलाइन क्रमांकांच्या आधी २ लागला आणि वहीत पुन्हा लाल शाई आली. ऑर्कुटवर काही मुलांनी शाळेची कम्युनिटी केली होती. २०१४ साली ऑर्कुटच बंद झाले आणि तिथले फोटोही गेले. मग व्हॉट्सॲप. २०१६ साली एका ग्रुपमध्ये २५६ जण मावू लागले, २०२२ साली १०२४. मला व्हॉट्सॲपचे वावडे नाही. करोनाच्या दिवसांत कोण दवाखान्यात आहे, कुणाला रक्त हवे, हे ग्रुपवरच कळले आणि मदतही तिथूनच झाली. पण ग्रुप झाले ते बॅचचे. बॅच घट्ट झाली आणि संघ सैल झाला. पूर्वी पोस्टकार्ड सगळ्या वर्षांना एकच जायचे. आज १९८८च्या मुलांना १९७५वाले माहीत नाहीत. शिवाय माणूस गेला की नंबर बंद पडतो आणि काही काळाने कंपनी तो दुसऱ्याच कुणाला देते. तिसऱ्या वहीत ज्यांच्या नावाआधी 'कै.' लागले आहे त्यांची नावे मात्र जागेवर आहेत.

संघ नोंदणीकृत ठेवण्याचा आग्रह आम्ही काही म्हातारे का धरतो, तेही इथेच सांगतो. संस्था नोंदणी अधिनियम १८६०च्या कलम ६ प्रमाणे नोंदलेल्या संस्थेला अध्यक्ष, सचिव किंवा विश्वस्तांच्या नावाने दावा दाखल करता येतो. ग्रुपला ती सोय नाही. त्यासाठी दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. कंटाळवाणे काम आहे. पण आपल्या शाळेचा पट घटतो आहे हे सगळ्यांना दिसते. पटावर संचमान्यता ठरते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदे. एखादी तुकडी बंद करण्याचा, एखाद्या जागेचा, शाळा दुसरीत मिसळण्याचा प्रश्न उद्या आला, तर बोलायला उभे राहणारे किती आणि कोणत्या अधिकाराने, हे आधी विचारले जाईल. डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी १९३४ साली याच प्रश्नाला सामोरे गेले होते.

मेळाव्याच्या दिवशी तिसरी वही नोंदणीच्या टेबलावर असेल. रकाने असे आहेत: शाळेतले नाव, आताचे नाव, शाळा सोडल्याचे वर्ष, पिनकोडसह पत्ता, फोन, आणि घरातल्या आणखी एकाचा फोन. गुरुजनांसाठी शेवटची पाने राखली आहेत. बदलीमुळे दोन-तीन वर्षांत आपली शाळा सोडून गेलेल्या सरांनी आणि बाईंनीही आपली नोंद करावी, त्यांचे विद्यार्थी विचारत असतात. शेजारीच एका कागदावर रेघ मारलेली आणि 'लग्न झाले' एवढेच लिहिलेली नावे वर्षवार उतरवून ठेवली आहेत. ती वाचा. माहेरचे गाव, भावाचे दुकान, चाळीचे नाव, जे आठवेल ते पुढे लिहा. फोन आम्ही करू.