बंडीची धाव ते पिकअपचा टायर: काळ्या मातीतल्या उंचीचा इतिहास

आजच्या व्याख्यानात राजे नाहीत, लढायाही नाहीत. आज आपण चाकाच्या उंचीचा इतिहास बघणार आहोत, आणि तोही नागपूरच्या काळ्या मातीतला.

पिकअप गाडीला कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घालायचे आणि ते बसावेत म्हणून कमी खर्चात गाडी खालून उचलून घ्यायची, हा प्रकार आपल्याकडे आता नवा राहिलेला नाही. शहरातला माणूस त्याला हौस म्हणतो. पण काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतून भर पावसात माल काढणाऱ्याला विचारलं, तर तो हौसेबद्दल बोलणार नाही. तो पांदणीबद्दल बोलेल. गाडी कुठे फसते, ते सांगेल. म्हणून आपण प्रश्न असा विचारू: ही उंची माणसाला का लागते, आणि तिचे पैसे कोण भरतं?

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. गाडीची उंची दोन प्रकारची असते. एक, सांगाड्याची म्हणजे चेसिसची. दुसरी, आसाची. पाट्यांच्या खाली ठोकळा घातला, शॅकल लांब केलं किंवा एखादा पाटा वाढवला, की सांगाडा वर जातो. पण मागचा आस आणि त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथेच राहतो. चिखलात आधी टेकतो तो हाच गोळा. त्याला वर उचलायचा एकच उपाय आहे: चाक मोठं करणं. आणि तेही फक्त निम्म्याने, कारण आस चाकाच्या मध्यावर असतो.

ही गोष्ट आपल्या सुताराला आणि लोहाराला फार आधीपासून ठाऊक होती. विदर्भातली जुनी बंडी आठवा. चाक चार-पाच फुटांचं, म्हणजे आस जमिनीपासून दोन-अडीच फूट वर. चाक उंच पण अरुंद. वरून लोखंडाची धाव. लोहार ती धाव तापवून लाल करायचा, चाकावर चढवायचा आणि पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की आरे, पुठ्ठे, तुंबा सगळे सांधे आवळले जायचे. कमान नाही, पाटे नाहीत. सगळी उंची चाकाचीच.

आता थोडं पश्चिमेकडे जाऊ, कारण तिथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये मालाची मोठी वाहतूक बैलांच्या पाठीवरूनच व्हायची. ज्या गाड्या होत्या त्या ठेंगण्या, भरीव चाकांच्या, अतिशय जड. १८३०मध्ये बोरघाट गाडीरस्ता म्हणून खुला झाला. त्याच दशकात सोलापूरकडे टेंभुर्णीला गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आरेवाली, हलकी, सुधारलेली बैलगाडी बनवायला सुरुवात केली. क्रम लक्षात घ्या: आधी रस्ता, मग चाक. रस्ता नसेल तर चांगलं चाकसुद्धा दारात उभं राहतं.

आपल्याकडेही तेच झालं. नागपूर-वऱ्हाडचा कापूस कितीतरी काळ बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून वाहिला. १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला, १८६७मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७७मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. आता कापूस स्टेशनपर्यंत आणायचा, म्हणजे बंडी आली. पण बंडीसोबत नवी भानगडही आली. गिट्टीच्या पक्क्या रस्त्यावर अरुंद लोखंडी धाव सुरीसारखी चालायची. मातीत जी धाव उपयोगी, तीच रस्त्याची वैरी!

पुढे मोटारी वाढल्या तेव्हा हा वाद जोरात आला. बंडी गिट्टी फोडते आणि मोटारीचा रबरी टायर तिच्यातली बारीक माती उडवून नेतो. मग रस्त्याचा खर्च कुणी करायचा? १९२७मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९२८मध्ये अहवाल दिला, आणि १९२९मध्ये पेट्रोलवरच्या जादा करातून केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. आपण आज पंपावर जे पैसे देतो, त्यातला काही भाग रस्त्यासाठी असतो, या विचाराचं मूळ तिथे आहे.

आणि मग येतं आपलं नागपूर. डिसेंबर १९४३मध्ये, युद्ध चालू असताना, देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते इथे जमले. त्यातून वीस वर्षांचा आराखडा निघाला. देशभरातले इंजिनिअर आजही त्याला 'नागपूर प्लॅन' म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथे पक्की झाली. उद्दिष्ट होतं साधारण ३ लाख ३१ हजार मैलांचं. आणि एक कसोटी ठेवली होती: शेतीच्या विकसित भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर नसावं.

कसोटी त्या काळाच्या मानाने मोठी होती, यात शंका नाही. पण ते ५ मैल आज आपण उलट बाजूने वाचून बघू. त्यांचा अर्थ असा होतो की शेवटचे काही मैल ज्याचे त्याने काढायचे, स्वतःच्या बैलांच्या आणि चाकांच्या जोरावर.

त्या मैलांवर काय झालं? हवेच्या टायरची बैलगाडी आली. बंगालमध्ये साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६मध्ये सुरू झाला होता. उत्तरेकडे तर अशा गाडीचं नावच 'डनलप' पडलं. ती रस्त्यावर हलकी चालते, रस्ता कापत नाही. पण तिचं चाक लहान, म्हणून आस खाली. डांबरावर ती जिंकली. काळ्या मातीच्या पांदणीत मात्र उंच लाकडी बंडीचं काम तिला जमण्यासारखं नव्हतं.

पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. युद्धातल्या जीपचा टायर ६.०० बाय १६ इंचांचा होता: अरुंद, आणि उंचीला साधारण २८ इंच. गाडी हलकी आणि चारही चाकांना जोर, म्हणून ती निघायची. आजची पिकअप जीपपेक्षा कितीतरी जड, वरून दीड-दोन टन माल, आणि बहुतेक वेळा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. टायरची उंची मात्र जवळपास तेवढीच!

आता हिशोब करू. आपल्याकडे सर्रास दिसणारा २१५/७५ आर १५ टायर घ्या. त्याचा व्यास ७०३ मिलिमीटरच्या आसपास. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर ७३३. व्यास ३० मिलिमीटरने वाढला, आस वर गेला १५ मिलिमीटर. म्हणजे बोटाच्या जाडीएवढा. त्याबदल्यात काय द्यावं लागतं? परीघ सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२च्या पुढे असते. क्लचवर ताण येतो, चढावर एक गिअर खाली लागतो, आणि तेच ब्रेक आता मोठं चाक थांबवतात.

मग टायर घासतो म्हणून गाडी उचलायची. शॅकल २ इंच लांब केलं तर गाडी जेमतेम १ इंच उठते, कारण पाट्याचं एकच टोक हललेलं असतं. शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातो. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. पाटा वाढवला की गाडी जास्त माल सहन करते असं वाटतं. पण आस, ब्रेक आणि टायर तेच असतात. शिवाय माल वर गेला, म्हणजे वळणावर गाडी कलंडायची शक्यता वाढली. मागे हौद्यात मजूर बसलेले असतील तर ही शक्यता त्यांच्या वाट्याला येते, आणि त्यांना तर कुणी विचारलेलंही नसतं.

कायदाही इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून कंपनीने त्या गाडीसाठी दिलेल्या मापांच्या आत राहणं, चिखलाच्या नक्षीचा चांगला टायर घेणं आणि माल कमी भरणं, हाच शहाणपणाचा स्वस्त मार्ग आहे. चिखलात हवा थोडी कमी केली तर टायर जास्त जागेवर टेकतो. फक्त डांबरावर येण्याआधी ती पुन्हा भरायला विसरू नये.

पण आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा गॅरेजपाशी थांबून चालणार नाही. २५ डिसेंबर २०००पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने रस्ता वस्तीपर्यंत न्यायला घेतला. राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली २०२१मध्ये. १९४३च्या आराखड्याने गावापासून मुख्य रस्त्यापर्यंतचं अंतर मोजलं होतं. शेतापासून गावापर्यंतचं अंतर सरकारी योजनेचा विषय व्हायला पाऊण शतक लागलं.

तेवढ्या काळात ते अंतर ज्याने त्याने आपल्या खिशातून भरून काढलं. कुणी बंडीच्या उंच चाकाने, कुणी बैलांच्या खांद्याने, आणि आता कुणी पाट्याखालच्या ठोकळ्याने. उचललेली पिकअप दिसली की आपण चालकाच्या हौसेवर बोलतो. इथून पुढे एवढं करू या: ती गाडी कोणत्या पांदणीतून आली, हेही विचारू. मुरूम आणि गिट्टी जिथे पडली नाही, तिथे लोक ती उंची चाकात विकत घेतात. आणि आपण हिशोब केला तसं, त्यांना ती फार महाग पडते.

पुढच्या व्याख्यानात आपण याच पांदणींच्या हद्दी, मोजणी आणि भांडणं यांच्याकडे वळू.