तपासणी आणि सवड

स्तनाच्या कर्करोगाची गाठ हातास लागण्यापूर्वीच शोधली तर मृत्यू टळतात काय, याचा पहिला मोठा पडताळा १९६३ साली न्यूयॉर्क येथील एका आरोग्य-विमा योजनेने आरंभिला. चाळीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांपैकी निम्म्यांना क्ष-किरण तपासणीचे निमंत्रण गेले. त्या गटातील मृत्यू पुढे लक्षणीय घटले. परंतु निमंत्रितांपैकी सुमारे एक-तृतीयांश स्त्रिया आल्याच नाहीत.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून निराळी वाट धरली. दहावी शिकलेल्या स्त्रियांना तयार करून त्यांच्याकरवी, यंत्राविना, केवळ हाताने तपासणी करविली. तुलनेसाठी घेतलेल्या धरून एकूण १,५१,५३८ स्त्रिया. २०२१ साली निष्कर्ष आला: पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी, तरुण स्त्रियांत तसा लाभ आढळला नाही. ही स्पष्टोक्ती मला मोलाची वाटते.

आम्हां कायदेवाल्यांकडे पाहावे, तर १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्याने नोकरदार स्त्रीस प्रसूतीची पगारी रजा दिली. तपासणीच्या अर्ध्या दिवसाचा त्यात उल्लेखही नव्हता. शाळेतील बाई तपासणी रविवारावर ढकलतात. रविवारी सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, आणि घरी पाहुणे, नाहीतर देवळात उत्सव.