पाय न टेकणारा जगज्जेता

माळेगावची खंडोबाची यात्रा असो की लातूरची सिद्धेश्वराची, मोटारसायकलवरचे कौशल्य म्हणजे काय, हे मराठवाड्यातील बहुतेकांनी प्रथम पाहिले ते जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर गाडी गरगरा फिरते आणि वर कठड्याला टेकून उभे असलेले प्रेक्षक श्वास रोखून धरतात. तिथे स्वाराला तारतो तो वेग. वेग कमी झाला की गाडी खाली आलीच. मोटारसायकलचा एक खेळ मात्र याच्या अगदी उलट आहे. त्यात माणसाच्या चालण्याइतक्या, कधी त्याहूनही कमी वेगाने जायचे असते आणि वाटेत डोक्याएवढे खडक असतात. या खेळाचे नाव 'ट्रायल'. २००७ पासून २०२४ पर्यंतच्या सलग १८ हंगामांत या खेळाची खुल्या मैदानावरची जागतिक अजिंक्यपदे एकाच माणसाने जिंकली. बंदिस्त सभागृहात होणारी स्वतंत्र जागतिक स्पर्धा, जिला 'एक्स-ट्रायल' म्हणतात, तीही त्या १८ वर्षांत त्यानेच जिंकली. म्हणजे एकूण ३६ जगज्जेतेपदे. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातल्या पिएरा गावचा हा स्वार म्हणजे टोनी बोऊ. त्याचा जन्म १७ ऑक्टोबर १९८६ चा.

असे एकछत्री राज्य कोणत्याही खेळात विरळाच. ते कशामुळे टिकते, हे समजून घेण्याआधी खेळाचा हिशेब समजून घ्यायला हवा.

ट्रायलमध्ये शर्यत नसते. दोऱ्या आणि खुणा लावून आखलेले दहा-पंधरा टप्पे असतात. नांदेड जिल्ह्यातील सहस्रकुंडचा पैनगंगेतला काळा खडक किंवा उदगीरजवळच्या हत्तीबेटावरचे दगड डोळ्यांपुढे आणले, तर टप्पा कसा असतो याची कल्पना येईल. स्वाराने तो एकट्याने, ठरलेल्या वेळेत, पाय जमिनीला न लावता पार करायचा. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. पडला, आखलेल्या हद्दीबाहेर गेला किंवा टप्पा पुराच करता आला नाही, तर पाच. दिवसअखेर ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजेता. टप्प्यात शिरण्यापूर्वी स्वार तो पायी फिरून पाहू शकतो, हेही या खेळाचे वैशिष्ट्य. पेपर आधी हाती मिळतो, पण सोडवताना गडबड होते, अशी ही परीक्षा. लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

या हिशेबातच वर्चस्वाचे पहिले कारण दडलेले आहे. वेगाच्या शर्यतीत पुढच्याचा अपघात होतो, कुणी कुणाला धडकते, पावसाने टायर चुकतात आणि मागचा स्वार जिंकून जातो. ट्रायलमध्ये प्रत्येक जण एकटा असतो. प्रतिस्पर्धी त्याला अडवू शकत नाही आणि मदतही करू शकत नाही. टप्पे अनेक, त्यांच्या बहुधा दोन फेऱ्या, म्हणून नशिबाचा वाटा दिवसभरात विरून जातो. जो थोडासाच सरस आहे, तो जवळपास रोजच सरस ठरतो.

खेळाचा इतिहासही हेच सांगतो. १९६० च्या दशकात उत्तर आयर्लंडच्या सॅमी मिलरने ब्रिटनमधील ट्रायलवर राज्य केले. १९६५ साली त्याने स्पेनच्या 'बुल्टाको' गाडीवर स्कॉटलंडची सहा दिवसांची प्रसिद्ध स्पर्धा जिंकली आणि जड ब्रिटिश गाड्यांचा जमाना तिथेच संपत आला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७५ मध्ये सुरू झाली. पहिला जगज्जेता इंग्लंडचा मार्टिन लॅम्पकिन. पुढे स्पेनच्या जॉर्डी तारेसने १९८७ ते १९९५ या काळात सात अजिंक्यपदे मिळवली आणि मार्टिनचा मुलगा डगी याने १९९७ ते २००३ अशी सलग सात. १९७५ ते २०२४ या ५० हंगामांपैकी ३२ अजिंक्यपदे तारेस, डगी लॅम्पकिन आणि बोऊ या तिघांच्याच नावावर आहेत. महिलांमध्येही चित्र वेगळे नाही. कॅटलोनियाच्याच लाया सान्झने २००० ते २०१३ या काळात १३ जागतिक अजिंक्यपदे जिंकली. हा खेळच एकेका राजाचा आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. तरीही सात आणि अठरा यांतले अंतर केवळ खेळाच्या रचनेने भरून निघत नाही.

गाडी की माणूस?

पहिली शंका गाडीबद्दल येते आणि ती रास्त आहे. ट्रायलची गाडी आपल्या रस्त्यावरच्या गाडीची सख्खी बहीण वाटत नाही. तिला बसायला सीट जवळपास नसतेच, स्वार पूर्ण वेळ पायदानांवर उभा असतो. वजन ७० किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील साध्या १०० सीसी गाडीपेक्षा ४० किलोने कमी. आपण मागच्या चाकात तीसेक पौंड हवा भरतो. ट्रायलच्या मागच्या चाकात चार-पाच पौंडच असते, त्यामुळे टायर खडकावर हाताच्या पंजासारखा पसरतो.

बोऊ २००७ पासून होंडाच्या मालकीच्या 'मोन्टेसा' संघाकडून खेळत आला. त्याआधी तो इटलीच्या 'बेटा' गाडीवर होता. मोन्टेसाची त्याची गाडी चार स्ट्रोकची, तर बहुतेक प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या दोन स्ट्रोकच्या. मग यश गाडीचे म्हणावे काय? याचे उत्तर त्याच्याच संघात सापडते. जपानचा ताकाहिसा फुजिनामी हा २००४ चा जगज्जेता. तो २०२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत बोऊचा सहकारी होता. गाडी तीच, कारखाना तोच, यंत्रज्ञांची साथही तीच. तरीही बोऊ आल्यानंतर फुजिनामीला पुन्हा जगज्जेता होता आले नाही. पुढे हाईमे बुस्तो आणि गॅब्रिएल मार्सेली हेही मोन्टेसावरच बोऊबरोबर खेळले. त्यांच्या बाबतीतही निकाल बदलला नाही. गाडीचा प्रश्न इथे निकालात निघतो.

मग माणसात काय आहे? टप्प्यात उभी भिंत आली की स्वार इंजिनाला रेस देतो, क्लच दाबून ती ताकद कोंडून ठेवतो, गुडघे वाकवतो आणि नेमक्या क्षणी क्लच सोडून उसळी घेतो. टायर दबतो, सस्पेन्शन दबते, शरीर दबते. तिन्ही एकाच वेळी मोकळी झाली तरच गाडी भिंतीच्या माथ्यावर जाते. क्षणाचा अंश इकडेतिकडे झाला तर पाच दंडगुण. हे सर्वच मोठ्या स्वारांना येते. बोऊचे वेगळेपण त्यानंतर दिसते. उडी चुकल्यावर, गाडी हवेत वाकडी झाल्यावरही तो मागच्या एका चाकावर तोल सावरून पुढचा मार्ग शोधतो. इतरांचे पाच दंडगुण जिथे होतात, तिथे त्याचा एक होतो, कधी तोही नाही. बरोबर मारलेली उडी पाहून हे कौशल्य कळत नाही, चुकलेली पाहून कळते.

याची मुळे सायकलमध्ये आहेत. मोन्टेसाच्या पेरे पी या जाणत्या स्वाराने आपल्या लहान मुलासाठी ट्रायलची छोटी सायकल घडवली आणि कॅटलोनियात सायकल-ट्रायल हा स्वतंत्र खेळच रुजला. तारेस त्यातूनच आला आणि बोऊही. सायकलला इंजिन नसते, त्यामुळे एका चाकावर जागच्या जागी उड्या मारत तोल राखण्याचे काम फक्त शरीराने करावे लागते. लहानपणीच अंगात भिनलेली ही विद्या मोठेपणी इंजिनाच्या जोरासह हाती आली.

शिवाय मोन्टेसा, बुल्टाको आणि ओसा हे तिन्ही कारखाने बार्सिलोना परिसरातले. पुढे गॅसगॅसही कॅटलोनियातच उभा राहिला. कुस्तीच्या परिभाषेत सांगायचे तर ती एक मोठी तालीम आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, त्यामागेही कोल्हापूरच्या तालमीतली मेहनत होती. अंगात रग असणे वेगळे आणि रोज आपल्याहून तगडा जोडीदार समोर असणे वेगळे. बोऊला आदाम रागासारखा, २००५ आणि २००६ चा जगज्जेता, घरच्याच प्रांतात भेटला. या रागाचे दुर्दैव असे की, बोऊ नसता तर इतिहासाने त्याचीच गणना सर्वश्रेष्ठांत केली असती.

नियम बदलला तरी

२०१३ मध्ये खुल्या मैदानावरील जागतिक स्पर्धेत टप्प्यात थांबण्यास मनाई करण्यात आली. जागच्या जागी उड्या मारून दिशा बदलणे ही बोऊची हुकमी चाल होती, त्यामुळे या नियमाचा फटका त्यालाच बसेल असा अंदाज होता. त्या वर्षीही तोच जिंकला. टप्पे आखणाऱ्यांपुढे तर वेगळाच पेच असतो. बोऊची कसोटी पाहायची म्हणून टप्पे कठीण करावेत, तर बाकीच्यांचे पाच-पाच दंडगुण होतात आणि त्याची आघाडी वाढते. सोपे करावेत, तर एखाद-दुसऱ्या चुकीवर निकाल लागतो आणि चूक कमी करण्यातही तोच पुढे असतो.

आपल्याकडे हा खेळ अद्याप फारसा पोहोचलेला नाही. मोटारसायकलचे क्रीडाप्रकार म्हणजे सुपरक्रॉस, रॅली आणि मातीवरच्या शर्यती. तरी एक धागा मराठवाड्याशी जुळतो. वाळूजला १९८५ पासून कारखाना चालवणाऱ्या बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भागीदारी घेतली आणि त्याच केटीएमच्या छत्राखाली २०१९ मध्ये गॅसगॅस आली. बुस्तो २०२४ मध्ये बोऊविरुद्ध उतरला तो याच गॅसगॅसवर. त्या हंगामात तो दुसरा आला.