खुर्चीचे कान

इंग्रज जिला ‘पंखांची खुर्ची’ म्हणतात, तिला जर्मन लोक ‘कानांची खुर्ची’ म्हणतात. फ्रेंचांनाहि तिच्या पाठीला कानच दिसले. उंच पाठ, आणि पाठीच्या दोन्ही कडांपासून बसणाराच्या गालांपर्यंत पुढें आलेल्या गादीदार बाजू, हें तिचें रूप. आज ती दिवाणखान्यांतील ऐश्वर्याची खूण समजली जाते. जन्मानें मात्र ती म्हाताऱ्यांची व आजाऱ्यांची खुर्ची होय.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती इंग्लंडांत दिसूं लागली. त्या काळीं ताठ बसणें हें कुलीनतेचें लक्षण होतें. चारचौघांत रेलून बसणें वृद्धांना आणि रोग्यांनाच क्षम्य. लंडनजवळील हॅम हाउस या वाड्यांत मात्र सोनेरी लांकडाच्या दोन ‘झोपेच्या खुर्च्या’ होत्या. १६७९ सालच्या सामानाच्या यादींत त्यांची नोंद आहे. त्यांची पाठ दांतेरी पट्ट्यांच्या योगानें मागें कलवितां येते.

हे पंख कशासाठीं? भिंतींतील शेगडीचें धुराडें खोलींतील तापलेली हवा वर ओढून घेई, आणि तिच्या जागीं दारांखिडक्यांच्या फटींतून गार हवा आंत शिरे. बसणाराची छाती भाजे आणि पाठ गोठे! पंख हा झोत अडवीत, शेगडीची ऊब कोंडून धरीत, आणि डुलकी लागलीच तर मस्तकाला आधारहि देत. आपल्याकडील वेताच्या विणीची, लांब हातांची आरामखुर्ची हिच्या नेमकी उलट. तिला वारा हवा असतो, म्हणून तिची पाठ जाळीदार.

अमेरिकेंतील इंग्रज वसाहतींत अठराव्या शतकांत ही खुर्ची बहुधा निजण्याच्या खोलींत असे; मयताच्या मालमत्तेच्या याद्यांवरून तें स्पष्ट होतें. कित्येक खुर्च्यांच्या बैठकीखालीं शौचपात्र बसविलेलें असे! दिवाणखान्यांत ती मांडून मिरविणाऱ्यांस हें ठाऊक असेलच असें नाहीं.

तरीहि ती गरिबाच्या घरची वस्तु नव्हती. लांकडाहून कापडच महाग पडे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन वस्तुसंग्रहालयांत न्यूपोर्ट गांवची एक खुर्ची आहे. गादीकाम करणाऱ्या गार्डनर नांवाच्या कारागिरानें तिच्या सांगाड्यावर आपलें नांव, गांव व ‘मे १७५८’ असें लिहून ठेविलें, आणि वर कापड चढविलें. पुढील बाजूस ज्वालांसारखें लोकरीचें भरतकाम. पाठीमागें टेकड्या, झाडें, पशुपक्षी यांचा देखावा. बसलेल्या वृद्धाला तो देखावा दिसणें शक्यच नव्हतें. तो पाहुण्यांसाठीं होता. रोग्याची खुर्ची प्रतिष्ठेची होऊं लागली ती येथें, असें म्हणणें वावगें होणार नाहीं.

पायांच्या तऱ्हा काळाप्रमाणें पालटल्या: राणी ॲनच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शैलींत बांकदार, पुढें पंजांत चेंडू धरलेले, शतकाच्या अखेरीस सरळ व निमुळते. हेपलव्हाइटच्या १७८८ सालच्या नमुन्यांच्या ग्रंथांतहि या खुर्चीबरोबर संधिवाताच्या रोग्यानें पाय टेकावयाचें आसन दिलेलें आहे! एकोणिसाव्या शतकांत बैठकीखालीं स्प्रिंगा आल्या आणि रेलून बसण्याची लाज हळूहळू सरली.

१९५८ सालीं डॅनिश शिल्पज्ञ आर्ने याकोबसेन यानें कोपनहेगनमधील एका हॉटेलासाठीं अंड्याच्या आकाराची खुर्ची आंखली. हॉटेलाच्या गजबजलेल्या दालनांत तिचे वळलेले कान गार झोत अडविण्यासाठीं नाहींत. भोंवतालच्या नजरांपासून आणि बोलण्यापासून बसणाराला आडोसा मिळावा, एवढेंच त्यांचें काम.