आउगुस्टेचा पति

स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा विकार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या विकाराच्या आधुनिक इतिहासाचें पहिलें पान ५१ वर्षांच्या एका स्त्रीचें आहे. आणि त्या पानावर तिचा पतीही उभा आहे.

फ्रांकफुर्ट येथें रेल्वेंत कारकून असलेल्या कार्ल डेटर यांचा विवाह १८७३ सालीं आउगुस्टेशीं झाला. त्यांना एक मुलगी होती. १९०१ सालीं आउगुस्टेच्या मनांत पतीविषयीं संशय शिरला. शेजारणीवरून ती त्यांना दोष देऊं लागली. मागोमाग स्वयंपाकांत चुका होऊं लागल्या, वस्तू भलत्याच जागीं लपविल्या जाऊं लागल्या. घरच्यांच्या डोळ्यांपुढें प्रथम आला तो विसराळूपणा नव्हे, तर अविश्वास. हा रोग आहे हें कार्ल यांना कोण सांगणार? त्या रोगाला अद्याप नांवच नव्हतें.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजीं तिला शहराच्या मनोरुग्णालयांत दाखल केलें. दुसऱ्या दिवशीं डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनीं तिला नांव विचारलें. ती ‘आउगुस्टे’ म्हणाली. आडनांव विचारलें, तरी तेंच. आणि पतीचें नांव विचारलें, तेव्हांही तें बहुधा आउगुस्टेच असावें, असें उत्तर आलें. ८ एप्रिल १९०६ रोजीं, वयाच्या ५५ व्या वर्षीं, ती वारली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अल्झायमर यांनीं ट्युबिंगेन येथील सभेंत तिच्या मेंदूंतील विकृतीचें वर्णन केलें. आणि १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास त्यांचें नांव दिलें. पुढें कित्येक दशकें हें नांव मुख्यतः तरुण व मध्यम वयाच्या रोग्यांपुरतेंच वापरलें जात असे.

आज ६५ वर्षांच्या आंत जडलेल्या स्मृतिभ्रंशाचा वेगळा विचार होतो. या वयांत नोकरी चालू असते, कर्ज फिटावयाचें असतें, मुलें शिकत असतात. अशा दांपत्यास निदानाचा धक्का बसतोच. पण निदानानें एक ओझें उतरतेंही. जोडीदाराचा आरोप रोगाचा आहे, मनाचा नव्हे, हें कळलें कीं राग ओसरूं लागतो. रोग्यास समज आहे तोंवरच पैशाचे व उपचाराचे निर्णय दोघांनीं मिळून घ्यावे. सहचर जिवंत असतांही त्याच्या वियोगाचें दुःख होतें. त्याची लाज वाटूं देऊं नये, आणि शुश्रूषेचा भार एकट्यानें वाहूं नये.

आउगुस्टेचीं हरवलेलीं कागदपत्रें १९९५ सालीं फ्रांकफुर्टलाच सांपडलीं. त्यांत कार्ल येतात ते पत्नीच्या रोगाची हकीकत सांगणारे म्हणून. आजच्या वैद्यानें ती हकीकत ऐकून घेतल्यावर सांगणाऱ्याचीही विचारपूस करावी.